पलूस रस्त्यावरची वाइन चाखणी: पेला घरून न्या

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकानंच हात जोडले. "अण्णा, तुम्ही कौतुक म्हणून लिहाल, आणि कुणीतरी दारूची जाहिरात म्हणून अर्ज टाकेल." त्याचंही खरंच आहे. म्हणून नुसती खूण सांगतो. पलूसहून किर्लोस्करवाडीकडं निघालात की डाव्या हाताला एक जुनी चिंच लागते, तिच्यामागं निळ्या पत्र्याची शेड. शेडमध्ये छोटी वायनरी, म्हणजे वाइनचा कारखाना, पुढ्यात दहा बाय बाराचं विक्रीचं दुकान. पाटी अशी की जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. चिंच चुकली तर थेट स्टेशनवर पोचाल.

वाइन शॉप म्हटलं की आपल्याला लोखंडी जाळी, कागदात गुंडाळलेली बाटली आणि २०२० च्या मे महिन्यातल्या, लॉकडाउनमधल्या त्या रांगा आठवतात. इथं व्हिस्की, रम काही मिळत नाही. घरच्या द्राक्षांची वाइन तेवढी, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चिंचेखाली बसून ती चाखायची सोय. आत चाखायची खोली आहे, पण कोरोनात तिला कुलूप लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बार, हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली तेव्हा ह्या पठ्ठ्यानं खोली उघडायच्या ऐवजी टेबलच बाहेर काढलं. २०२० चा डिसेंबर, मग २०२१ चे जानेवारी आणि फेब्रुवारी, असा मी तीनदा जाऊन आलोय.

कोरोनातली मांडणी अशी: कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्कीनं आखलेली सोळा वर्तुळं, सहा-सहा फुटांवर. एका वर्तुळात एक खुर्ची, नवरा-बायको असतील तर दोन. वहीत नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, कपाळाला ताप मोजायचं ते पिस्तूल लावून घ्यायचं. पोरगं कोवळं दिसलं की आधार कार्ड मागतात, एकवीसच्या आतल्याला वाइन नाही. हात मात्र साबणानं धुवायचे. सॅनिटायझरची बाटली दिसली नाही म्हणून मी जरा आवाज चढवला, तर मालक म्हणाला, "अण्णा, सॅनिटायझरचा हात नाकाजवळ नेला की वाइनच्या आधी त्याचाच भपका येतोय." गप्प नळावर गेलो.

पेला घरून आणायचा. काचेचा आणा म्हणून फोनवर दोनदा सांगतात, तरी पहिल्या खेपेला निम्म्या लोकांच्या हातात स्टीलचे पेले होते. एकजण कटिंग चहाचा ग्लास घेऊन आलेला. माझ्याकडं लेकीच्या लग्नात आलेल्या सेटातला सरबताचा पेला होता. चार वाइन, प्रत्येकी पंचवीस मिली, म्हणजे सगळी मिळून शंभर. चाखणारी जाणकार मंडळी म्हणे तोंडात घोळवून थुंकून टाकतात. कोरोनात उघड्यावर थुंकलं तर दंड होता, म्हणून नको असेल ती चिंचेच्या आळ्यात ओतायची मुभा होती. तीन खेपांत आळ्याला एक थेंब मिळालेला मी तरी पाहिला नाही.

आता माझं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची बाग तासगाव तालुक्यात. २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, पलूसला वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांची वसाहत, आलं, आणि आमच्या भागात वाइनच्या द्राक्षांचं वारं सुटलं. मीही २००५ ला दीड एकर कॅबरनेट, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, लावली. (शेवटचा ट उच्चारायचा नसतो, हे मला परवा कळलं.) मणी बारका, साल जाड, आत बी. मणी फुगवायला औषधात घड बुडवणं नाही, विरळणी नाही, मला तर सुखाची शेती वाटली. वायनरीचा माणूस यायचा, मणी चिरडायचा, बी दाताखाली धरायचा. बी तपकिरी होऊन कडकन फुटली की माल तयार. त्याचं बघून मीही बिया चावायला लागलो. मग २००८-०९ ची मंदी आली, टाक्यांत वाइन पडून राहिली आणि एका वायनरीनं माझ्या शेवटच्या मालाचे निम्मेच पैसे दिले. २०१० ला करवत घेतली, खालच्या मुळाचे, म्हणजे डॉगरिज जातीचे, खुंट तेवढे ठेवले आणि त्यावर सोनाका ह्या खायच्या द्राक्षाची कलमं भरली. पाच वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली, पण वाइन जिभेला लागली नव्हती. आमच्या गावात माझ्यासारखे कितीतरी निघतील. द्राक्ष कळतं, बेदाणा डोळे मिटून कळतो, वाइन म्हणजे मात्र शहरातल्या लोकांचं काहीतरी.

२०२० च्या सप्टेंबरात मला कोरोना झाला. तसा हलकाच, घरीच निभावलं, पण वास गेला. डिसेंबरात भुरी रोगासाठी बागेत गंधकाची धुरळणी करत होतो, डोळे चुरचुरत होते आणि नाकाला पत्ता नाही. त्याच आठवड्यात पुतण्यानं मला इथं ओढून आणलं. मी मालकाला आधीच सांगून टाकलं, बाबा रे, मला वास येत नाही. तो म्हणाला, मग तुमच्याकडनं पैसे घेत नाही, तुम्हाला निम्मीच वाइन मिळणार. आणि खरंच घेतले नाहीत. पांढरी चेनिन ब्लांक मला लिंबाच्या पाण्यासारखी लागली, नुसती आंबट. गुलाबी रोझे तीच, जरा गोडसर. लाल शिराझ पाणचट. शेवटची कॅबर्ने तोंडात घेतली आणि हिरड्या आवळल्या, जीभ कोरडी पडली. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं तसं, पण जरा बारीक. हे मला माहीत होतं. ही ती बी! नाकानं काही सांगितलं नाही, दातांनी बरोबर ओळखलं. मी तसं बोललो तर मालकानं हातातली बाटली खाली ठेवली, माझ्यापासून सहा फुटांवर उकिडवा बसला आणि लाल वाइन सालीसकट, बियांसकट कशी आंबवतात, पांढरीचा रस आधीच पिळून वेगळा का काढतात, हे सगळं शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सवर असताना माल का तोडायचा, हेही त्या दिवशी समजलं. साखर जितकी तितकी पुढं अल्कोहोल. आम्ही नुसता ब्रिक्स मोजून द्यायचो, त्याचं पुढं काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता वाइनचं. फेब्रुवारीत नाक बऱ्यापैकी परतलं होतं, त्यामुळं हा निकाल दोन्ही इंद्रियांचा. चेनिन सगळ्यात उजवी. पिकत आलेल्या पेरूचा वास आणि शेवटी चटकन आंबटपणा. सोबत वाटीभर भडंग देतात, त्यातल्या लसूण-तिखटाला हीच पुरून उरते. शिराझला मिऱ्याचा वास येतो म्हणून सांगतात, मला वाटलं बोलायची पद्धत असेल, पण येतो बुवा. मिऱ्यात जे वासाचं द्रव्य असतं तेच शिराझच्या सालीत असतं म्हणे. कॅबर्नेला जांभूळ आणि मागं हिरवी ढोबळी मिरची. ही मला आवडली, पण माझं मत ह्या बाबतीत धरू नका, माझा तिच्याशी जुना हिशेब आहे.

लाल वाइनसोबत ठेचा-भाकरी देतात, ती चूक आहे. तिखटानं तुरटपणा आणखी चढतो आणि तोंडात भांडण लागतं. बेदाणे द्या, भाजलेले शेंगदाणे द्या. हे मी सांगितलं, मालक हो म्हणाला, पुढच्या खेपेला परत ठेचाच.

आणखी तक्रारी आहेत. दुकानाला पत्र्याचं छप्पर आणि लाल वाइनच्या बाटल्या उघड्या फळीवर. अकरानंतर पत्रा तापतो, बाटली हाताला कोमट लागते. जानेवारीत शिराझची बाटली आधीच्या कुणासाठी फोडलेली होती, सरळ शिरक्याकडं झुकलेली. मी तोंड वाकडं केल्यावर दुसरी फोडली, तीही न कुरकुरता, पण आधी स्वतः चाखून बघायला नको का? माहिती कर्ण्यावरून देतो, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही, मास्कमधून निम्मं कळत नाही ते वेगळंच. मोबाइलला रेंज नाही, ऑनलाइन पैसे अडकतात, रोख न्या. चाखणीचे तेव्हा दोनशे होते, बाटली घेतली तर त्यातनं वजा.

बायकांसाठी जागा बरी आहे का, असं दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहितो. आमच्या सौभाग्यवती डिसेंबरात जीपमधून उतरल्या नाहीत. जानेवारीत उतरून खुर्चीवर बसल्या, पेला हातात धरला नाही. फेब्रुवारीत चारही चाखल्या. रोझेवर त्यांचा शेरा, "कोकम सरबतात मीठ घालायचं विसरल्यासारखं." मालकानं हा शेरा वहीत लिहून घेतला. निघताना तो मला हळूच म्हणाला, "अण्णा, दहा गुंठे कॅबर्ने परत लावता का, माझ्यासाठी?" मी विचारात पडलो, तेवढ्यात खुर्चीवरनं आवाज आला, "रोख का चेक?" मालक हसला, पण उत्तर दिलं नाही. मीही अजून दिलेलं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत वेळ आहे.

रोझेच्या दोन बाटल्या आणल्या. एक पुतण्यानं नेली. दुसरी फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी आडवी ठेवलीय. आई माळकरी, तिला सांगितलं, कोकम आहे. ती काही बोलली नाही. काल फ्रिज उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "कोकमाला बूच कवापासनं लावाय लागली?"