मिलचं रेटिकल, एमओएचा टरेट आणि माझे २२,१५० रुपये

वापरलेला स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, घेताना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो: २२,१५० रुपये. २,००० टोकन, १९,५०० बाकी, ६५० कुरिअर. बायकोला १२,००० सांगितलेत. तिन्ही वेळा यूपीआयचा पिन मीच टाकला. कोणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, 'मी फौजी आहे, बदली झालीय' हेही नाही. ते सगळे प्रकार मला माहीत आहेत हो. ऑफिसात चार जणांना मीच सावध करत असतो.

२०२४ च्या ऑगस्टात स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं आणि आमच्या कोल्हापूरकडं घरटी एक नेमबाज तयार झाला. त्यातलाच मी एक, वय ४६. एक ४.५ मिमीची एअर रायफल घेतली. रविवारी मित्राच्या शेतात, जुन्या दगडखाणीच्या कड्याला कागद लावायचा आणि ५० मीटरवरनं मारायचं, एवढाच शौक. "त्या स्वप्नीलच्या बंदुकीवर दुर्बीण होती का? मग तुम्हालाच कशाला पाहिजे?" हे बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. बरोबरच होतं. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही, पीप साइट असते, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचा. पण माझ्या डोळ्यांना ५० मीटरवरचं काळं वर्तुळ म्हणजे नुसता डाग दिसतो.

स्कोप घेतलेल्यांना माहीत आहे, मोठ्या रायफलींच्या बऱ्याच स्कोपचा पॅरॅलॅक्स (कोणत्या अंतरावर डोकं हललं तरी नेम हलत नाही, ते) कारखान्यातच १०० यार्डांवर बसवलेला असतो. एअर रायफलला तो १० यार्डांपर्यंत खाली येणारा लागतो. नेम सरकवायच्या नॉबचे क्लिक फिरवून परत आणले की नेम मूळ जागी आला पाहिजे, हे दुसरं. मोठं झूम, लाल दिवा, हे सगळं नंतर. एवढं सगळं मला येत होतं. तरी फसलो.

एअर रायफलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. ६-२४x५० (६ ते २४ पट झूम, पुढची काच ५० मिमी), ३० मिमी ट्यूब, परदेशी नावाजलेली कंपनी, दोन महिने वापरलेला, २६,०००. नवा याच्या जवळजवळ दुप्पट. माणूस मराठी, बोलणं शांत, घाई नाही. ८.४४ ग्रेन वजनाचा छर्रा वाऱ्यात किती सरकतो यावर आम्ही अर्धा तास बोललो. असा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल? तुम्हाला वाटलं असतं?

आता मी फसलो ती जागा.

त्यानं चार फोटो पाठवले. तिसरा स्कोपमधून काढलेला, त्यात रेटिकल, म्हणजे आत दिसणारी फुली आणि तिच्यावरच्या मोजखुणा, मिलचं. चौथा टरेटचा, म्हणजे नेम सरकवायच्या नॉबचा, त्यावर स्पष्ट लिहिलेलं एका क्लिकला पाव एमओए. मिल आणि एमओए ही कोन मोजायची दोन वेगळी मापं, एकाच स्कोपवर दोन्ही म्हणजे खटकणारच. रात्रीचे अकरा वाजलेले. दोन्ही फोटो मी आलटून पालटून मोठे करून बघितले. विचारलं, "भाऊ, रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा कसा?" टायपिंग दिसलं. थांबलं. परत दिसलं, परत थांबलं. दोन मिनिटं काही नाही. आणि त्या दोन मिनिटांत मी, मीच, लिहिलं: "जुन्या मॉडेलमध्ये असायचं तसं, त्यातला आहे का?"

"हो सर, बरोबर ओळखलंत. तुमचा अभ्यास दिसतो."

तसले स्कोप खरंच असायचे, मी खोटं बोललो नव्हतो. पण त्याला उत्तर सापडत नव्हतं, ते मी ताटात वाढून दिलं. वर अभ्यासाचं कौतुक ऐकून झोपलो. सकाळी घासाघीस करून २१,५०० ला ठरवला, ती हुशारी वेगळीच.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. डबा झकास. पावसामुळं खाणीवर जायला पुढचे नऊ दिवस गेले, ही दुसरी चूक. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढला नाही, ही तिसरी. पहिला गट, म्हणजे एकाच नेमावर काही छर्रे, मारला. मग वीस क्लिक वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं. पाव एमओएला ५० मीटरवर एका क्लिकला साधारण ३.६ मिमी, म्हणजे वीसला सव्वासात सेंटिमीटर सरकायला हवं. सरकलं चार. चौकोन फिरून शेवटचा गट पहिल्यावर बसायचा, तो तीन सेंटिमीटर बाजूला. डोकं जरा हलवलं की क्रॉसहेअर, म्हणजे ती फुली, वर्तुळावरनं मुंगीसारखं चालायचं. बाजूचा पॅरॅलॅक्सचा नॉब १० पासून अनंतापर्यंत फिरवला, चित्रात ढिम्म फरक नाही. नॉब नुसता शोभेचा. कंपनीच्या नावावर नख मारलं, एक अक्षर नखातच आलं.

त्याला फोन केला. बंद. डीपी गायब.

पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा, रक्कम पुढं सरकायच्या आत अडकवता येते. मी केला दोन आठवड्यांनी. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, पुढं आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. तिथं फसवणूक राहिली बाजूला, पहिला प्रश्न, "बंदूक हाय? लायसन दाखवा." साहेब, ४.५ मिमी, २० ज्यूलच्या आत, परवाना लागत नाही. "ते आमी ठरवू." मग रायफलीचं बिल, माझं आधार, मित्राच्या शेताचा सातबारा! पैसे माझे गेले, आणि जबाब कसला, तर मी रानात काय मारतो याचा. एकानं स्कोप डोळ्याला लावून समोरच्या टपरीवरचा चहावाला बघितला, म्हणाला, "चांगला दिसतोय की. माल मिळालाय न्हवं?" दुसऱ्या टेबलावर सांगितलं, सायबरकडं जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, वस्तू मिळाली म्हणजे हा दिवाणी वाद, ठाण्यात जा. चार फेऱ्या, चार अर्ध्या रजा. फसवणुकीचं ४२० जाऊन नव्या कायद्यात ३१८ कलम आलं, टेबलं तीच. बँकेनं तर एका ओळीत संपवलं: व्यवहार ग्राहकानं स्वतः मंजूर केला आहे. वकील मित्र म्हणाला, तो दुकानदार नाही, ग्राहक आयोगातही अवघड आहे. अर्जाची पोच अजून मिळालेली नाही. सातबारा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

वापरलेला स्कोप घेताय तर फोटो नकोत. व्हिडिओ कॉलवर स्कोपमधून बघत पॅरॅलॅक्स फिरवायला लावा, चित्र धूसर-स्पष्ट होताना दिसलं पाहिजे. सिरियल नंबर घ्या, कंपनीला मेल करा, उत्तर येईपर्यंत टोकनही नाही. विक्रेता गप्प बसला की तुम्हीही गप्प बसा.

परवा दुसऱ्या ग्रुपवर तेच चार फोटो आले. नवा नंबर, भाव १९,०००. खाली एकानं विचारलं होतं, "रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा, हे कसं?" मी टाइप करायला घेतलं तोवर तिसऱ्याच कुणीतरी उत्तर टाकलं: "जुन्या स्कोपमध्ये असायचं तसं."