कॉलेजच्या गच्चीवर सोलर: अनुदानातून स्वतःचं की कंपनीच्या खर्चाने?

आमच्या संस्थेत दोन्ही प्रकार आहेत. जुन्या इमारतीवर २०१८ मध्ये केंद्राचं ३० टक्के अनुदान घेऊन बसवलेला ४० किलोवॅटचा स्वतःचा प्रकल्प. नव्या इमारतीवर रेस्को पद्धतीचा, म्हणजे पॅनेल कंपनीचे, गच्ची आपली आणि पैसे युनिटमागे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यापासून केंद्राचं रूफटॉप अनुदान घरगुती ग्राहकांपुरतंच राहिलं. २०२४ ची पीएम सूर्यघर योजनाही घरांसाठीच आहे. त्यामुळे ‘कॉलेजला ३० टक्के मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर योजनेचा कागद समोर ठेवायला सांगा. आता जी मदत मिळते ती बहुतेक लोकप्रतिनिधींच्या निधीतून किंवा एखाद्या उद्योगाच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून. तिच्यातही मूळ अडचण तीच राहते: पैसे किलोवॅट बसवल्याचे मिळतात, वीज तयार झाल्याचे नाही.

हे मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं. कॉलेज उघडल्यावर महिन्याचं बिल आलं, तर निर्यात युनिटचा, म्हणजे न वापरता ग्रिडला दिलेल्या विजेचा, रकाना जवळपास रिकामा. सुट्टीत तर तिथे सगळ्यात मोठा आकडा हवा! जुन्या इमारतीत जिन्याखालच्या कोनाड्यात गेलो, तर इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर, लाल दिवा. डिस्प्लेवरच्या नोंदीप्रमाणे तो १९ दिवस बंद होता. दिवसाला दीडशे-एकशे साठ युनिट धरली तरी तीन हजारांच्या आसपास युनिट गेली. ठेकेदाराला फोन केला. त्याचं बिल केव्हाच चुकतं झालं होतं आणि देखभालीचा करार कागदावर चालू होता. माणूस आला आणखी नऊ दिवसांनी. आमचा शिपाई रोज त्याच जिन्यावरून जात होता, पण लाल दिव्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. त्यात चूक आमचीच.

नव्या इमारतीवर एकदा असंच बंद पडलं, तेव्हा कंपनीचाच फोन आधी आला आणि दुसऱ्या दिवशी माणूस हजर. पॅनेल धुवायलाही तेच येतात. युनिट झालं नाही तर त्यांनाही पैसे नाहीत, एवढंच त्याचं कारण. शिवाय ४० टक्के घसाऱ्याची (यंत्राची किंमत दरवर्षी खर्चात धरण्याची) आयकर सवलत कंपनीला वापरता येते. धर्मादाय संस्थेला आयकरच नसेल, तर ती सवलत असून नसल्यासारखी. दरात त्याचा थोडा फायदा आपल्यालाही मिळतो, असा माझा अंदाज आहे.

स्वतःच्या प्रकल्पात दीर्घकाळात वीज स्वस्त पडते, हे मान्य. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिकलचा विभाग आहे आणि रोजचं रीडिंग लिहिणारा माणूस आहे, त्यांनी तोच घ्यावा. आमच्यासारख्या कला-वाणिज्य महाविद्यालयाचा कल मात्र रेस्कोकडे असावा, असं मला वाटतं.

फक्त करार घाईने करू नका. आमचा २५ वर्षांचा आहे. मजला वाढवायचा झाला तर पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च कुणाचा, हे आधीच लिहून घ्या. ‘डीम्ड जनरेशन’चं कलम नीट वाचा: आपल्या बाजूने वीज बंद राहिली, तर न झालेल्या युनिटचेही पैसे द्यावे लागतात. आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक तास त्यातून वगळून घेतले. प्रकल्प मध्येच विकत घ्यायचा असेल तर कोणत्या वर्षी किती रक्कम, त्याचा तक्ताही कराराला जोडून घ्या. आमच्या करारात तो सहाव्या वर्षापासून आहे.