नॉर्थ कॅरोलिनात चार दिवस: समुद्र की डोंगर?

आपल्याकडे घाट उतरला की तास-दोन तासांत समुद्र दिसतो. ही सवय अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात महागात पडते. किनाऱ्यालगतच्या मँटिओपासून पश्चिम टोकाच्या मर्फीपर्यंत रस्त्याने जवळपास ८७५ किलोमीटर, आणि मध्ये पिडमाँटचा लाल मातीचा लांबलचक पट्टा. राजधानी रॉलीहून समुद्राकडचं आउटर बँक्स साधारण तीन तास, डोंगरातलं ॲशव्हिल चार, तेही विरुद्ध दिशांना. आई-बाबा आले तेव्हा आम्ही दोन्ही उरकायला गेलो. आईने लाटांपेक्षा पेट्रोल पंपच जास्त पाहिले.

आउटर बँक्सला कोकण शोधू नका. कातळ नाही, माड नाहीत. वाळूच्या अरुंद बेटांची नुसती माळ. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंडचं उथळ पाणी. वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलून पलीकडे नेऊन टाकतात आणि बेटं हळूहळू जमिनीकडे सरकतात. हॅटरसचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह १८७० सालचं. पाणी पायथ्याशी आलं तेव्हा, १९९९ मध्ये, अख्खा मनोरा रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत नेला. याच बेटांवरच्या रोडँथी गावातल्या, खांबांवर उभ्या घरांचं नशीब तेवढं नव्हतं. त्यांतली काही समुद्रात गेली.

जोराचा वारा आणि पडलं तरी फार लागणार नाही अशी वाळू, म्हणून राइट बंधू इथे आले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं विमान पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद, १२० फूट. किल डेव्हिल हिल्सला ते जिथे टेकलं तिथे दगड आहे. सुरुवातीच्या खुणेपासून तिथवर बाबा रमतगमत चालत गेले, अर्धं मिनिट लागलं. ‘एवढंच?’ म्हणाले, आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहिले.

डोंगरात माउंट मिचेल २,०३७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळपास ४०० मीटर उंच. मिसिसिपीच्या पूर्वेला याहून उंच शिखर नाही. पण गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. ही भूमी चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांची. १८३८ मध्ये त्यांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं. जे इथेच टिकून राहिले त्यांचे वंशज आज स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी, चेरोकी गावाच्या परिसरात राहतात. खाण्यात ॲशव्हिल सरळ जिंकतं. तिथल्या ‘चाय पानी’ या भारतीय रेस्टॉरंटला २०२२ चा जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला मानाचा खाद्य-पुरस्कार मिळाला, आणि त्याचे शेफ-मालक मेहेरवान इराणी वाढले आपल्या अहमदनगरात.

मे-जूनमध्ये समुद्र. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चक्रीवादळांचा भर असतो, तेव्हा किनाऱ्याचं बुकिंग जपून करा. ऑक्टोबरमध्ये मात्र पानं रंगतात, तेव्हा डोंगरच. फक्त सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता जागोजागी तोडला होता, म्हणून कुठला टप्पा सुरू आहे ते निघण्याआधी बघा. आणि टाकी ॲशव्हिलमध्येच भरून घ्या. आईला आवडेल असा रस्ता आहे तो: पार्कवेवर एकही पेट्रोल पंप नाही.