तयार ‘मधमाशी हॉटेल’: घेण्याआधी नळीत तार घालून बघा

बागेच्या सामानात हल्ली ‘मधमाशी हॉटेल’ म्हणून छोट्या घरासारखं दिसणारं एक लाकडी खोकं हमखास दिसतं. कप्प्याकप्प्यांत बांबूच्या नळ्या, पाइनची सुकी फळं, सालीचे तुकडे, आणि मधोमध फुलपाखरांसाठी म्हणून ठेवलेली उभी फट. यातला नळ्यांचा कप्पा सोडला तर बाकीचं सगळं गिऱ्हाइकासाठी आहे. फुलपाखरं त्या फटीत राहायला जात नाहीत, कोळी जातात. पाइनच्या फळांत कुठलीच मधमाशी घर करत नाही.

हे खोकं पोळं करणाऱ्या माश्यांसाठी नाही, त्यामुळे मधाची आशा नको. एकेकट्या राहणाऱ्या, पानाचे तुकडे कापून किंवा मातीने घरटं लिंपणाऱ्या माश्या यात येतात. त्या नळीत परागकणांचा गोळा ठेवतात, त्यावर अंडं घालतात, मध्ये पडदा बांधतात आणि पुढचा कप्पा सुरू करतात. म्हणून सगळा मामला नळीचा आहे, आणि बहुतेक तयार माल तिथेच मार खातो.

भोक ३ ते १० मि.मी. हवं, तेही वेगवेगळ्या मापांचं. अंगठा जाईल एवढ्या नळ्या रिकाम्याच राहतात. खोली १५ सें.मी.च्या आसपास हवी आणि मागचं टोक बंद. आरपार नळीकडे माशी फिरकत नाही. खोलीचा हट्ट कशासाठी? फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, आणि कुठलं घालायचं ते माशीच्या हातात असतं. मादीची अंडी ती तळाशी घालते, नरांची तोंडाशी, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी ७-८ सें.मी.च असली की नरांचीच भरती होते. सगळी भोकं लिंपलेली बघून आपण खूश, आणि पुढच्या हंगामात घरटी करायला माद्याच कमी. बांबू कापताना गाठ कुठे आली हे बरेचदा पाहिलेलं नसतं. बाहेरून लांबलचक दिसणारी नळी आत तीन सें.मी.वर बंद निघते. सरळ तार घालून पाहिली की लगेच कळतं. तोंडाशी कुसळं असतील तर माशीचे पंख फाटतात; ती सँडपेपरने घासता येतात.

ओंडक्याला भोकं पाडलेला प्रकार घेत असाल तर भोकं कुठल्या बाजूने आहेत ते बघा. झाडाची वर्तुळं दिसतात त्या कापलेल्या तोंडावर असतील तर लाकूड वाळताना भेगा पडतात आणि त्यातून ओल, बुरशी, परजीवी आत शिरतात. सालीच्या बाजूने पाडलेली भोकं टिकतात. प्लास्टिकच्या नळ्या नकोतच. आतली ओल बाहेर पडत नाही आणि परागकणांना बुरशी येते. छप्पर पुढे चार-पाच सें.मी. आलेलं हवं.

नळ्या डिंकाने चिकटवलेल्या असतील तर खोकं तिथेच ठेवून द्या. परागकण खाणारे माइट नावाचे अगदी बारीक जीव जुन्या नळीत साचतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात पिल्लांच्या वाट्याचं सगळं फस्त करतात. सुट्या कागदी नळ्यांचं खोकं दिसायला साधं, पण आम्ही तेच घ्या म्हणू. भरलेल्या जुन्या नळ्या एका अंधाऱ्या डब्यात ठेवायच्या, डब्याला सेंटिमीटरभर एकच भोक, आणि डबा नव्या नळ्यांशेजारी. माश्या उजेडाकडे बाहेर पडतात, परत आत जात नाहीत. सगळ्या बाहेर पडल्या की जुन्या नळ्या टाकून द्या. शेकडो भोकांचं मोठं खोकंही टाळा. एवढी घरटी एका जागी म्हणजे परजीवी गांधीलमाश्यांना आयतं ताट. लहान दोन-तीन खोकी लांब लांब लावलेली बरी.

सोबत येणारी साखळी काढून टाका. लोंबकळणारं खोकं वाऱ्याने हलतं, आणि माशीला परत येताना नळी जागच्या जागी सापडावी लागते. भिंतीला किंवा खांबाला, एक ते दोन मीटर उंचीवर, सकाळचं ऊन येईल असं स्क्रूने घट्ट बसवा. जवळपास फुलं आणि ओल्या मातीचा एखादा कोपरा नसेल तर उत्तम खोकंही ओस पडतं.

आणि जगातल्या मधमाश्यांच्या सुमारे २० हजार जातींपैकी बहुतेक जमिनीत बिळं करतात. त्यांना या खोक्याचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी उन्हातली, पाणी न साचणारी एक-दोन मीटर जागा उघडी सोडा. तिथे तणरोधक कापड नको, सालीचं आच्छादन नको, खणणंही नको. मातीची बारीक ढिगुळी आणि मधोमध पेन्सिलीएवढं भोक दिसलं तर मुंग्यांचं समजून त्यावर पावडर मारू नका.