बाबांच्या व्हीईजीएफ टेस्टसाठी घरी येणारी लॅब, आमचा अनुभव

बाबांना लिव्हरचा कॅन्सर आहे, हेपटायटिस बी, मग सिरॉसिस आणि त्यातून गाठ. अटेझो-बेवा (अटेझोलिझुमॅब आणि बेवासिझुमॅब, कॅन्सरची दोन औषधं एकत्र) सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी एएफपी, पिव्का-टू (दोन्ही लिव्हरच्या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासण्या) आणि प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवातलं, व्हीईजीएफ लिहून दिलं होतं (एंडोस्कोपी वेगळी, बेवाने रक्तस्राव होऊ शकतो म्हणून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आधी बघून घेतात). व्हीईजीएफ म्हणजे गाठ स्वतःला रक्त मिळावं म्हणून नवीन रक्तवाहिन्या वाढवायला जे प्रोटीन सोडते ते, आणि बेवा त्यालाच अडवतं.

आधी ज्या लॅबकडून करून घेतलं तिचं नाव लिहीत नाही, पण तिथल्या मुलाने सगळं रक्त पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि तशीच बॅगेत टाकून निघून गेला. आकडा आला तो रेंजच्या कितीतरी वर, आई त्या रात्री जेवलीच नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतल्यावर आकड्याच्या आधी सॅम्पल कसलं ते बघितलं, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरतो तो द्रव. म्हणाले रक्त गोठताना प्लेटलेट्स त्यांच्यातलं व्हीईजीएफ बाहेर सोडतात, त्यामुळे सीरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा जास्तच येतं, आता यातलं गाठीचं किती आणि प्लेटलेट्सचं किती हे मी कसं सांगू.

दुसऱ्या लॅबला फोन केला तर बुकिंगवाल्या मॅडमनीच विचारलं, प्लाझ्मा ना? आणि पेशंटला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कारण काही गोळ्यांनी पिव्का उगाच वाढलेलं दिसतं. तिथेच जीव भांड्यात पडला. सकाळी सातला रक्त घ्यायला लॅबचे दादा आले, बाबांच्या शिरा सापडतच नाहीत आता, त्यांनी शांतपणे दोन्ही हात चाचपून बघितले, "काका, मूठ सोडा" म्हणाले आणि बटरफ्लाय सुईने एकाच टोच्यात काम झालं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (हिच्यात रक्त गोठत नाही) हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी केली, लेबलवर वेळ लिहिली आणि आइसपॅकच्या डब्यात ठेवून सरळ लॅबला गेले, मध्ये दुसरं घर नाही. रिपोर्टवर पण प्लाझ्मा आणि घेतल्याची वेळ स्पष्ट छापलीये.

तक्रार एकच, रिपोर्टला सहा दिवस लागले. आणि आयजीएफ-वन (वाढीशी संबंधित एक हार्मोन) सकट मोठं पॅकेज घ्या म्हणत होते ते मी नाही घेतलं, ते बहुतेक लिव्हरमध्येच बनतं त्यामुळे सिरॉसिसमध्ये तसंही कमी येतं, डॉक्टरांनी मागितलं नसेल तर कशाला पैसे घालवायचे.

एक मात्र नीट समजून घ्या, व्हीईजीएफच्या आकड्यावरून औषध ठरत नाही, आमच्या डॉक्टरांना फक्त पुढे तुलना करायला तो हवाय. औषध ठरवताना बघतात ते एएफपी, रामुसिरुमॅब नावाचं औषध एएफपी 400 (नॅनोग्रॅम प्रति मिली) किंवा वर असेल तरच देतात. पण तुलनाच करायची तर दर वेळी लॅब तीच, ट्यूब तीच हवी.

पुढचं सॅम्पल तीन आठवड्यांनी, दुसऱ्या डोसच्या आधी. सातचीच वेळ घेतलीये आणि तेच दादा पाठवा म्हणून सांगितलंय.