आकडेवारीचे शिल्प घडवून देणारा स्टुडिओ: एक अभिप्राय

एका नदीच्या पाणीपातळीच्या वर्षभरातील तासागणिक नोंदी सार्वजनिक प्रदर्शनासाठी शिल्परूपात घडवून घेण्याचे काम आमच्या गटाने एका छोट्या स्टुडिओकडे सोपवले होते. अशा वस्तूची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही, ती लोकांचे हात लागू लागल्यावर होते; म्हणून प्रदर्शन संपल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

या स्टुडिओची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की आकार ठरवण्याआधी तेथे आकडे नीट वाचले जातात. प्रत्येक महिन्यासाठी एक गोळा आणि पाणीपातळीच्या प्रमाणात त्याचा व्यास, असा एक देखणा पर्याय सुरुवातीला चर्चेत होता. परंतु व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते आणि त्यामुळे पावसाळ्याचा गोळा प्रत्यक्ष फरकापेक्षा कितीतरी मोठा भासेल, हे त्यांनी मातीचे दोन गोळे शेजारी ठेवून दाखवले आणि तो पर्याय तिथेच निकालात निघाला. त्याऐवजी ३६५ दिवसांसाठी दिवसाला एक याप्रमाणे ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या पट्ट्या लेझरने कापून पोलादी सळ्यांवर ओवण्याचे ठरले. पट्टीची वरची कडा म्हणजे त्या दिवसाच्या २४ नोंदींची रेषा, आणि सगळे वर्ष मिळून १०९.५ सेंटिमीटर लांबीचे शिल्प. पाया मापकाच्या शून्यापासूनच धरला गेला. तो वर उचलला असता तर पूर अधिक नाट्यमय दिसला असता, पण उन्हाळ्यातील पाणी जवळजवळ नाहीसे झाले असते.

पुराच्या ऐन भरात मापकयंत्र काही दिवस बंद पडले होते. सॉफ्टवेअर अशा ठिकाणी आधीची आणि नंतरची नोंद सरळ रेषेने जोडून मोकळे होते, आणि पडद्यावर ते कोणाला खटकतही नाही. स्टुडिओने ही भर घालण्यास नकार दिला. त्या दिवसांच्या पट्ट्या बसवल्याच नाहीत. सळ्यांवर वॉशर घालून नेमकी तेवढीच फट मोकळी ठेवली. प्रेक्षकांचे सर्वाधिक प्रश्न या फटीविषयीच आले, आणि माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

ल्यूक जेरम या ब्रिटिश कलावंताने ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये झालेल्या भूकंपाचा आलेख संगणकावर अक्षाभोवती फिरवून त्याचे थ्रीडी प्रिंटिंगने शिल्प केले आहे. त्या आकारात हादऱ्याचा जोर जाणवतो, मात्र एखाद्या क्षणाची नोंद त्यातून परत वाचून काढणे सोपे नाही. आमच्या शिल्पात पट्ट्या मोजत हव्या त्या तारखेपर्यंत पोहोचता येते, आणि सार्वजनिक ठिकाणी मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो.

आता उणिवा. लेझरने जळालेल्या कडा नीट घासलेल्या नव्हत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी लोकांच्या बोटांना काजळी लागत होती; तक्रार केल्यावर घासकाम आणि लॅकर दोन्ही तत्परतेने झाले. मोजपट्टीची चूक मात्र गंभीर आहे. ती पायावर इतक्या बारीक अक्षरांत कोरली होती की उभ्या माणसाला वाचताच येत नव्हती. हाताळण्यासाठीच घडवलेल्या वस्तूवर दृष्टिहीनांसाठी ब्रेल किंवा उठावाची एकही खूण नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. महिन्यांच्या उठावाच्या खुणा नंतर बसवल्या गेल्या, ब्रेल शेवटपर्यंत आले नाही.

केवळ शोभेची वस्तू हवी असणाऱ्यांना या स्टुडिओची चिकित्सा कंटाळवाणी वाटेल. इतरांनी हे काम निःशंकपणे त्यांच्याकडे द्यावे, मात्र मोजपट्टी आणि ब्रेल यांचा उल्लेख करारातच करून घ्यावा, एका महिन्याचा पूर्ण आकाराचा नमुना आधी मागवून तो हाताळून पाहावा, आणि नोंदी साफसूफ न करता कच्च्या स्वरूपातच पाठवाव्यात.