सोसायटीच्या बागेत सेन्सरवरचं ठिबक: दिवाळी ते आषाढ

दिवाळीनंतर पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेला मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरवर ठिबकचं पाणी चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवला. आता आषाढ लागलाय, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस सगळं बघून झालं. पाणी वाचतं का? वाचतं. उन्हाळ्यात बागेसाठीचे टँकर जवळपास निम्म्यावर आले. पण त्याचं श्रेय अ‍ॅपमधल्या रंगीत आलेखांना देऊ नका. सेन्सर कुठे खुपसलाय, त्यावर सगळा खेळ आहे.

आमची अर्धी बाग जमिनीवर, अर्धी पार्किंगच्या स्लॅबवर. स्लॅबवर जेमतेम फूटभर माती, ती दुपारपर्यंत वाळते; खालची काळी माती दोन-तीन दिवस ओल धरते. बसवणाऱ्यांनी दोन्हींसाठी मिळून एकच सेन्सर दिला, तोही खाली. वर जास्वंदीने माना टाकल्या. भांडून दुसरा सेन्सर आणि वेगळा व्हॉल्व्ह घेतला, तेव्हा कुठे जमलं.

मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडल्या, त्यातली एक नेमकी सेन्सरला लागून. सेन्सरभोवती हवा, म्हणून अ‍ॅपमध्ये माती कोरडी ठणठणीत आणि व्हॉल्व्ह सारखा उघडा. माळीकाकांनी खुरप्याने उकरलं, तर वीतभर खाली चांगली ओल! त्यांनी सेन्सर उपसला, मातीची राबडी कालवून खड्ड्यात ओतली आणि तो पुन्हा दाबून बसवला. कंपनीचा माणूस आठवड्याने उगवला.

पाणी एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून आलेलं असेल, तर डिस्क फिल्टरच (खाचांच्या चकत्यांतून पाणी गाळणारा) घ्या, १२० मेशचा, म्हणजे तेवढ्या बारीक गाळणीचा. नाहीतर ताशी ४ लिटर पाणी टिपकवणारे ड्रिपर शेवाळाने बुजतात. डिस्का सोडवून धुवाव्याही लागतात, ते काम अ‍ॅप करत नाही. शिवाय या पाण्यातले क्षार मातीत साचले की स्वस्तातले सेन्सर माती आहे त्याहून ओली दाखवतात. त्यामुळे आकडा काहीही म्हणो, खुरपं हाताशी हवंच.

वीज गेली तर २४ व्होल्टचे व्हॉल्व्ह आपोआप मिटतात, ही जमेची बाजू. वाय-फाय मात्र २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं आणि आमच्या पंपघरात रेंजच्या नावाने बोंब.

नवीन घेणाऱ्यांनी हाताने चालू-बंद करायचं बटण आहे ना, ते आधी बघावं. माळीकाकांना मोबाइलपेक्षा तेच सोयीचं. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा दरही खरेदीआधीच लिहून घ्या. आम्हाला तो नंतर कळला, आणि आकडा ऐकून कमिटीने अजून सही केलेली नाही.